हरलेल्यांचा पक्ष

सांगलीच्या माझ्या एका जुन्या मित्राने घर रंगवायला काढलं आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. तिच्यात त्याला माझंच एक पत्र सापडलं. निळा एरोग्रॅम, ऑगस्ट १९९२, मुक्काम ह्यूस्टन. त्याने ते पाकिटात घालून मला परत पाठवलं. सोबत एकच ओळ : 'भविष्यवेत्त्यांच्या सेवेशी सादर.' पत्र वाचून हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. मी लिहिलं होतं, 'पॅट ब्युकॅनन नावाच्या गृहस्थांचं राजकारण या आठवड्यात इथे संपलं. अमेरिकेतले पक्ष असल्या माणसांना एक रात्र टाळ्या देतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.'

भाकीत चुकणं यात विशेष काही नाही. माझ्याहून जाणत्यांचीही चुकतात. पण आपण नेमके कुठे चुकलो हे शोधायला बसलो, तेव्हा अमेरिकन पक्षांविषयी तोवर नीट न उमगलेली एक गोष्ट ध्यानात आली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

त्या उन्हाळ्यात मी ह्यूस्टनला मावसभावाकडे गेलो होतो. शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, ॲस्ट्रोडोम नावाच्या अवाढव्य बंदिस्त स्टेडियममध्ये. अध्यक्ष थोरले बुश पुन्हा उमेदवार होणार हे ठरलेलंच होतं. ह्यूस्टन तर त्यांचं घरचं शहर. १९६७ ते १९७१ ते तिथूनच प्रतिनिधीगृहात निवडून गेलेले. म्हणजे सगळा घरचा मामला. १७ ऑगस्टच्या रात्री शेजारच्या वृद्ध जोडप्याने आम्हाला टीव्ही पाहायला बोलावलं. ते गृहस्थ तेलाच्या पाइपलाइनवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, बाई शाळेत ग्रंथपाल होत्या. दोघांनी १९५२ मध्ये आयसेनहॉवरना मत दिलं, तेव्हापासून दोघंही पक्के रिपब्लिकन.

त्या रात्रीचे एक वक्ते ब्युकॅनन. निक्सन यांची भाषणं लिहून दिलेला, रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेला हा स्तंभलेखक १९९१ च्या डिसेंबरात स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्धच उभा राहिला होता. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमध्ये त्याने ३७ टक्के मतं घेतली. बुश ५३ टक्क्यांवर जिंकले, पण विद्यमान अध्यक्षाला घरात एवढा विरोध व्हावा हीच मोठी नामुष्की होती. पुढे ब्युकॅनन एकही राज्य जिंकले नाहीत. तरीही त्यांना व्यासपीठ द्यावं लागलं. तिथे त्यांनी बुश यांना पाठिंबा दिला आणि मग देशाच्या आत्म्यासाठी एक धार्मिक आणि सांस्कृतिक युद्ध चालू असल्याचं सांगून गर्भपाताचा हक्क, समलिंगींचे हक्क, क्लिंटन पतिपत्नी यांच्यावर आग ओकली.

आमच्या यजमानांनी खुर्चीचे हात थोपटले. बाई काही न बोलता उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरू लागल्या. नंतर रेगन बोलायला उभे राहिले तेव्हाच त्या परत येऊन बसल्या. निघताना मी म्हटलं, 'बोलला चांगला, पण हरलेला माणूस. आता घरी जाईल.' त्यावर ते गृहस्थ म्हणाले, 'तो जाईल घरी. टाळ्या वाजवणाऱ्यांनी कुठे जायचं?' हे वाक्यही मी त्या पत्रात लिहिलं होतं. म्हाताऱ्याचा विनोद म्हणून!

तो विनोद नव्हता. रेगन यांच्या काळात या पक्षात तीन प्रकारची माणसं एका छपराखाली नांदत होती. कर कमी आणि व्यापार खुला हवा असलेले उद्योगवाले, चर्च आणि कुटुंब यांची काळजी असलेले धार्मिक, आणि कम्युनिझमला रोखलं पाहिजे म्हणणारे. त्यांना जोडणारा डिंक होता सोव्हिएत रशिया. १९९१ च्या अखेरीस रशियाचं साम्राज्य विसर्जित झालं आणि डिंक सुटला. बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही अशी जाहीर शपथ घेतली होती, ती १९९० मध्ये मोडली. अधिवेशनाच्या पाचच दिवस आधी मेक्सिको आणि कॅनडाबरोबरच्या मुक्त व्यापार कराराच्या, म्हणजे 'नाफ्टा'च्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. उद्योगवाले खूश. पण ज्यांची मुलं कारखान्यात होती ते धास्तावले. ब्युकॅनन त्यांना सांगत होते की परदेशातली युद्धं आपली नाहीत, व्यापार करार आपले नाहीत, दक्षिणेच्या सीमेवर कुंपण घाला, 'अमेरिका प्रथम'. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? १९९२ मध्ये ते हरलेल्या माणसाचे शब्द होते.

इथे आपल्याला एक प्रश्न पडतो. एवढे मतभेद, तर हे लोक पक्ष फोडत का नाहीत? आपल्याला पक्षफुटीची सवय आहे. १९६९ ची काँग्रेस, १९९९ मधला राष्ट्रवादीचा जन्म, २०२२ मध्ये शिवसेना, २०२३ मध्ये पुन्हा राष्ट्रवादी. भांडण झालं की फूट, आणि मग चिन्ह कुणाचं यावर निवडणूक आयोगाच्या दारी खेटे. अमेरिकेत फुटून बाहेर पडणाऱ्याची गत काय होते, हे १९९२ च्या नोव्हेंबरातच दिसलं. टेक्ससचे धनाढ्य उद्योगपती रॉस पेरो अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी देशभरात १९ टक्के मतं घेतली. निर्वाचक मतं मिळाली शून्य! मेन आणि नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात जो पुढे असेल तोच त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं घेऊन जातो. दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याचा तर प्रश्नच नाही. बाहेर पडणं म्हणजे विहिरीत उडी.

मग आत राहून भांडायचं कसं? त्यासाठी दार आहे ते प्रायमरीचं. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात. तिथे राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांचं आधी मतदान होतं आणि त्यातून उमेदवार ठरतो. पक्षाचा मतदार म्हणजे तरी कोण? टेक्ससात तर पक्षाच्या नावाने नोंदणीसुद्धा नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जायचं आणि ज्या पक्षाची प्रायमरी हवी तिची मतपत्रिका मागायची. पक्षाला दाराशी कुणाला अडवता येत नाही.

हे दार इतकं सताड पूर्वी उघडं नव्हतं. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्षात वणवा पेटला असताना उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत ठराव चालले होते आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या. हम्फ्री हरले. पक्षाने नियम बदलायला समिती नेमली, राज्यांनी प्रायमरीचे कायदे केले, आणि ते कायदे हळूहळू दोन्ही पक्षांना लागू झाले. डेमोक्रॅटांनी आपलं भांडण मिटवण्यासाठी पाडलेल्या दारातून पुढे रिपब्लिकन बंडखोरही आत शिरले.

पण दार उघडं असणं पुरेसं नाही. आत आल्यावर हरूनही तिथेच थांबायला लागतं. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण १९६४ चं. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर हे रिपब्लिकनांमधल्या कडव्या उजव्यांचे नेते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर हे उदारमतवाद्यांचे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमधल्या अधिवेशनात रॉकफेलर अतिरेकी प्रवृत्तींविरुद्ध बोलायला उभे राहिले तर प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच जुलैत नागरी हक्क कायदा झाला. सिनेटमध्ये ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी त्याच्या बाजूने मत दिलं होतं, गोल्डवॉटर यांनी विरोधात. नोव्हेंबरात ते साफ झोपले. निर्वाचक मतं जॉन्सनना ४८६, त्यांना ५२. स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्यं, एवढीच कमाई. त्यांचं राजकारण संपलं असं तेव्हाही अनेकांनी लिहिलं. मी एकटाच नव्हे, हा माझा दिलासा.

पण गोल्डवॉटरचे स्वयंसेवक घरी गेले नाहीत. मतदानाच्या आठवडाभर आधी त्यांच्या प्रचारासाठी टीव्हीवर एका नटाने भाषण केलं होतं. तो नट १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. १९७६ मध्ये त्याने विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना उमेदवारीसाठी झुंजवलं. ११८७ विरुद्ध १०७० असा निसटता पराभव झाला. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाले. दरम्यान रॉकफेलर यांच्या वळणाची माणसं एकेक करून कंटाळली, निवृत्त झाली किंवा दुसरीकडे गेली. हरलेले थांबले आणि पूर्वीचे मालक निघून गेले.

डेमोक्रॅटिक पक्षातही हेच दिसतं. जेसी जॅक्सन १९८८ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीत दुसरे आले. उमेदवारी मिळाली नाही, पण मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळावेत हा नियम त्यांनी पक्षाकडून अधिक पक्का करून घेतला. २० वर्षांनी त्याच नियमाच्या जोरावर बराक ओबामा हिलरी क्लिंटनना पुरून उरले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स हरले, पण ताशी किमान वेतन १५ डॉलर करण्याची मागणी त्याच वर्षी पक्षाच्या जाहीरनाम्यात गेली. आणि २०१८ मध्ये पक्षातल्या बड्यांना पदसिद्ध मिळणारं पहिल्या फेरीतलं निर्णायक मत काढून घेण्यात आलं.

आता ब्युकॅननकडे परत येऊ. १९९६ मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकलं, उमेदवारी मात्र बॉब डोल यांना मिळाली. मग ते चिडले आणि २००० मध्ये पेरो यांनी काढलेल्या रिफॉर्म पक्षातर्फे लढले. पक्षात असताना ३७ टक्के घेणाऱ्या माणसाला देशभरात अर्धा टक्काही मतं पडली नाहीत. म्हणजे माझं भाकीत त्यांच्यापुरतं खरंच ठरलं की! पण त्यांचे मतदार त्यांच्यामागे बाहेर गेले नव्हते. २०१६ मध्ये १७ उमेदवारांच्या गर्दीत डोनाल्ड ट्रम्प व्यापार, सीमा आणि परदेशी युद्धं यांवर तेच बोलू लागले, तेव्हा ते मतदार जागच्या जागी होते. जेब बुश फेब्रुवारीतच बाद झाले. जुलैत क्लीव्हलंडच्या अधिवेशनाकडे थोरले आणि धाकटे, दोन्ही माजी अध्यक्ष बुश फिरकले नाहीत. उघड पाठिंबा न देणाऱ्या टेड क्रूझ यांची व्यासपीठावरच हुर्यो झाली, रॉकफेलर यांची झाली होती तशीच. २०२० मध्ये 'नाफ्टा'च्या जागी नवा करार लागू झाला.

त्या शेजाऱ्यांचं पुढे काय झालं? १९९२ च्या नोव्हेंबरात बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा डेमोक्रॅटला मत दिलं, क्लिंटन यांना. यजमानांनी पेरो यांना. ४० वर्षांच्या पक्क्या रिपब्लिकन घरातून बुश यांना एकही मत नाही. मावसभावाने हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. पण पुढे यजमान पक्षात परतले आणि प्रत्येक प्रायमरीला न चुकता गेले. बाई परतल्या नाहीत. २००८ मध्ये त्यांनी टेक्ससात डेमोक्रॅटिक प्रायमरीची मतपत्रिका मागितली. घरात भांडण नव्हतं. शेवटपर्यंत सकाळची कॉफी एकत्र होत असे, निवडणुकीचा विषय तेवढा निघत नसे. दोघंही आता नाहीत.

मी त्या रात्री व्यासपीठाकडे पाहत होतो आणि तो म्हातारा समोरच्या गर्दीकडे. माझी चूक एवढीच. बाईंचं उठून जाणं मला तेव्हा सभ्य आणि शहाणपणाचं वाटलं होतं. आजही सभ्य वाटतं. पण अशी लाखो सभ्य माणसं भांडी आवरायला उठली की दिवाणखान्यात उरतील त्यांचा पक्ष होतो. याचा दोष बाईंना कसा द्यायचा? जिथे आपल्याला जागा नाही असं वाटलं, तिथे त्या का बसून राहाव्यात? या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही.

२०२४ मध्येही दोन्हीकडे नाराज होतेच. रिपब्लिकन प्रायमरीत निकी हॅले माघार घेतल्यानंतरही मतं मिळवत राहिल्या. मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत गाझाच्या प्रश्नावरून एक लाखाहून अधिक लोकांनी कुणालाच पसंती नसल्याचं मत टाकलं. निकाल लागल्यावर हे आकडे आपण विसरतो. मी आता ते वहीत टिपून ठेवतो. अमेरिकेत निवडणूक आली की मित्र विचारतात, कोण जिंकणार? ते मी सांगत नाही, एकदा हात पोळले आहेत. हरलेल्याच्या सभेत टाळ्या वाजवणारे निकालानंतर कुठे गेले, तेवढं मात्र पाहतो.

सांगलीच्या मित्राला मी उत्तर लिहिलं. या वेळी भाकीत केलेलं नाही. ते पत्रही त्याने ट्रंकेत ठेवावं, एवढीच विनंती केली आहे.