पलटणीतले मुष्टियोद्धे

पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे ज्या सोलापुरात आजही वस्तीची ओळख म्हणून सांगितली जातात, तेथे मल्लविद्येची थोरवी नव्याने वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच शहरात मुष्टियुद्धाचा विषय निघाला, की बोलणे महंमद अलींच्या नावापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. याचे कारण इतिहासात आहे. कुस्तीला आपल्याकडे संस्थानिकांचा आश्रय, जत्रांचे फड आणि गावकीचे इनाम लाभले. मुष्टियुद्ध आले ते इंग्रजी अमदानीत, छावण्यांच्या वाटेने, आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ते प्रामुख्याने पलटणींच्या आवारातच वाढले. त्यामुळे आपल्या जुन्या विजेत्यांची चरित्रे म्हणजे खेळाडूइतकीच शिपायांची चरित्रे आहेत.

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे पदमबहादूर मल्ल हे गुरखा पलटणीचे जवान होते. १९६६ आणि १९७० या दोन्ही वर्षी बँकॉकला हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकणारे हवासिंग हेही सैन्यातलेच. पुढे त्यांनी हरियाणातील भिवानी येथे मुले तयार केली आणि त्या गावाचे नाव देशभर झाले. १९८२ चे दिल्लीचे सुवर्णपदक पटकाविणारे कौरसिंगही लष्करीच होते, आणि त्याआधी दोन वर्षे, १९८० मध्ये, दिल्लीतच ते महंमद अलींसमोर प्रदर्शनीय सामन्यात उभे राहिले होते. त्या सामन्यात मला एक विलक्षण योग दिसतो. १९६७ साली सैन्यभरतीचा हुकूम नाकारल्याबद्दल ज्याचे जगज्जेतेपद हिरावून घेतले गेले आणि उमेदीची साडेतीन वर्षे ज्याला मैदानाबाहेर काढावी लागली, तो योद्धा एका बाजूस; आणि ज्याला सैन्यानेच मुष्टियोद्धा बनविले, तो दुसऱ्या बाजूस.

आपल्या मराठी मुलखाने या परंपरेला दिलेला पुरुष म्हणजे मुरलीकांत पेटकर. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर भागात झाला. लहानपणी ओढ कुस्तीची. पण कोवळ्या वयात ते सैन्याच्या मुलांच्या पलटणीत दाखल झाले, पुढे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात कारागीर-जवान म्हणून रुजू झाले, आणि तेथे त्यांच्या हातात मुष्टियुद्धाचे हातमोजे आले.

तालमीत वाढलेल्या मुलाला हा बदल किती अवघड, हे दोन्ही विद्या पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. कुस्तीगीर वाकून, पुढे झेपावून पकड शोधतो, अंगाला अंग भिडल्याशिवाय त्याचा डाव सुरूच होत नाही; मुष्टियोद्धा एक खांदा पुढे करून तिरपा उभा राहतो, हनुवटी खाली घेतो, दोन्ही मुठी चेहऱ्याच्या पातळीवर ठेवतो आणि प्रतिस्पर्ध्यापासूनचे अंतर राखण्यातच त्याचे निम्मे कौशल्य खर्ची पडते. पाहणाऱ्याला ठोसा हाताचा वाटतो, पण तो निघतो पायाच्या चवड्यातून. टाच वळते, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि मग कुठे ते बळ मुठीत उतरते. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या हे ऐकायला अल्प वाटते. परंतु पाय थकले की मुठीतले बळ गेले, एवढे या विद्येचे सारे भांडवल पायांत असते.

ही विद्या आत्मसात करून पेटकरांनी १९६४ साली टोकियो येथील आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडा स्पर्धेत मुष्टियुद्धाचे पदक मिळविले. पुढच्याच वर्षी भारत-पाक युद्ध पेटले. त्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांतील एक कण्यापाशी रुतली, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या विद्येचे मूळ पायांत, त्या विद्येच्या उपासकाचे पायच गेले; याहून निर्दय आघात मुष्टियोद्ध्याच्या वाट्याला येऊ शकतो, असे मला वाटत नाही.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य लाभले. १९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. ज्या खांद्यांनी ठोसे मारले त्याच खांद्यांनी पाणी कापले, आणि मुष्टियुद्धाची ती मेहनत वाया गेली नाही, अशी माझी धारणा आहे.

शासनदरबारी मात्र या कामगिरीची नोंद व्हायला फार काळ लागला. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज नामंजूर झाला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव त्यांच्या पदरी पडला. हा विलंब अक्षम्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटकरांनंतरही ही विद्या मराठी मुलखात खंडित झालेली नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या भारतीय मुष्टियुद्ध चमूत मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार ही दोन मराठी नावे होती. १९८९ चा मुष्टियुद्धाचा अर्जुन पुरस्कार गोपाळ देवांग यांना मिळाला. म्हणून सोलापूरच्या तालमींच्या वस्तादांना आणि पंचांना माझी विनंती आहे, की कुस्तीच्या हौद्याला जराही धक्का न लावता आवाराच्या एका कोपऱ्यात ठोशांच्या सरावाची एक पिशवी टांगावी, हातमोज्यांचे दोन-चार जोड घ्यावेत, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या निवृत्त लष्करी मुष्टियोद्ध्याला पोरांना शिकविण्यासाठी बोलवावे.