दूरदेशीची केळ आणि खानदेशची थंडी

केळ हे मूळचे खानदेशातील झाड नव्हे. आग्नेय आशिया व न्यू गिनी येथील उष्ण, दमट प्रदेश हे तिचे माहेर होय. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांत ती आता पुरती रुळली आहे. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि पौषातील कडाक्याची एखादी रात्र तिच्या परकेपणाची आठवण करून देते.

उष्ण मुलुखातील झाड थंड हवेत कसे जगवावे, हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसमार्गे आलेली एक ठेंगणी केळ मिळविली. काचघरात कृत्रिम ऊब देऊन त्यांनी ती वाढविली आणि १८३५ साली तिला फुलोरा आला. ड्यूकच्या घराण्यावरून त्या जातीस ‘कॅव्हेंडिश’ हे नाव पडले. खानदेशातील जुनी बसराई व आजची ग्रँड नैन या दोन्ही जाती याच गटातील होत.

आपल्या बागायतदारापाशी काचघर नाही. पण तत्त्व तेच आहे. थंड वारा अडवावा व ऊब राखावी.

तापमान सुमारे १६ अंश सेल्सियसखाली उतरले की केळीची वाढ मंदावते. ते १० अंशांखाली गेल्यास पाने पिवळी पडून करपतात, मुळांचे कार्य मंदावते, निसवण लांबते आणि कधी कधी घड खोडातच अडकतो. कांदेबागेची रोपे कोवळी असताना, तर मृगबाग निसवणीकडे झुकताना या थंडीत सापडते. वर्षभराचे श्रम व भांडवल अशा वेळी पणास लागते.

याकरिता लागवडीच्या वेळीच बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट ताटी उभारावी. थंडी आल्यावर लावलेले कुंपण त्या वर्षी उपयोगी पडत नाही. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणून ते रात्री अथवा पहाटे द्यावे. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे. घडांवर सच्छिद्र पॉलिथिनच्या पिशव्या चढवाव्यात. पहाटे बागेच्या कडेला ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करावा. मात्र जाळ झाडांपासून व ठिबकच्या नळ्यांपासून दूर ठेवावा. हिरवी, निरोगी पाने कापू नयेत. तीच झाडाचे अन्न तयार करतात.

हवामान खात्याने थंडीच्या लाटेची सूचना दिल्यास ग्रामसेवकांनी ती त्याच सायंकाळी वस्तीवस्तीवर पोहोचवावी. रात्री केलेली तजवीज घड वाचविते. सकाळी केलेली हळहळ वाचवीत नाही.