दुधी काचेचा पडदा

ऑर्सन वेल्स यांच्या, १९४१ साली प्रदर्शित झालेल्या 'सिटिझन केन' या चित्रपटाचे छायाचित्रण करताना ग्रेग टोलंड या कसबी छायाचित्रकाराने प्रखर दिव्यांची तजवीज केली, अधिक संवेदनशील फिल्म घेतली, परावर्तन रोखणारा लेप दिलेली भिंगे वापरली आणि त्या भिंगांचे छिद्र शक्य तितके लहान ठेवले. हा सारा खटाटोप एवढ्याचसाठी होता की, कॅमेऱ्यासमोर मेजाशी बसलेली आई आणि खोलीच्या पार टोकाच्या खिडकीबाहेर बर्फात खेळणारा तिचा मुलगा हे दोघेही पडद्यावर एकाच वेळी रेखीव दिसावेत. पुढे साठ वर्षांच्या आत हाच गुण कोणत्याही हौशी व्हिडिओ कॅमेऱ्यात न मागता मिळू लागला, तेव्हा अल्प भांडवलावर चित्रपट काढणाऱ्या मंडळींनी त्याचे स्वागत केले असेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात मात्र त्यांनी या गुणापासून सुटका करून घेण्यासाठी आपली उमेदीची वर्षे खर्ची घातली. या विपरीत उद्योगात प्रकाशशास्त्राचे जेवढे प्रात्यक्षिक शिक्षण झाले, तेवढे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही क्वचितच होत असेल. म्हणून ती हकीकत जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

१९९५ साली 'डीव्ही' नावाची ध्वनिचित्रफीत बाजारात आली आणि त्याच वर्षी सोनी कंपनीने व्हीएक्स-१००० हा तीन सेन्सरांचा कॅमेरा आणला. तोपर्यंत चुंबकीय फितीवरील चित्राची नक्कल केली की ते फिके पडे, नकलेची नक्कल केली की रंग पाझरू लागत, आणि संकलनाच्या तीन-चार पायऱ्या ओलांडल्यावर मूळ चित्राचे अवशेषच काय ते हाती लागत. नव्या फितीवर चित्र अंकांच्या रूपाने, सेकंदाला अडीच कोटी बिट या वेगाने, लिहिले जाई; ते एका तारेतून संगणकात उतरवता येई आणि शंभरावी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध असे. थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकाने १९९८ साली 'फेस्टेन' हा संपूर्ण चित्रपट हातात मावणाऱ्या एका घरगुती कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि कान महोत्सवात ज्यूरीचा पुरस्कार मिळवला. आपल्याकडे मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले'सारखी विडंबने व्हिडिओवर काढली, सायकलीवर कॅमेरा बसवून धावती दृश्ये टिपली आणि गावच्या प्रेक्षकांकडून त्यांना दाद मिळवली. चित्रपट काढण्याची सनद आता मुंबईच्या स्टुडिओतूनच घ्यावी लागेल, असे राहिले नाही.

एक तकरार मात्र सर्वत्र ऐकू येई: हे चित्र 'सिनेमा'सारखे दिसत नाही, लग्नाच्या कॅसेटसारखे दिसते. तिची कारणे एकाहून अधिक होती. तेव्हाचा व्हिडिओ सेकंदाला पन्नास अर्धचित्रे टिपत असे, त्यामुळे हालचाल फाजील गुळगुळीत दिसे. प्रखर प्रकाश फिल्मवर हळूहळू विरत जातो, तो येथे एकाएकी पांढरा फटक होई. परंतु सर्वांत मोठे कारण होते ते पार्श्वभूमीचे. नायिकेच्या डोळ्यांइतकेच तिच्या मागचे कॅलेंडर, पंख्याचे बटण आणि दोरीवरचा टॉवेल रेखीव दिसत असत, आणि प्रेक्षकाचे लक्ष कोठे जावे याचा हुकूम दिग्दर्शकाच्या हाती उरत नसे.

याचे मूळ भिंगाच्या छिद्रात आहे. वस्तूच्या एका बिंदूतून निघालेले किरण छिद्राच्या संपूर्ण व्यासातून आत शिरतात आणि शंकूच्या आकाराने निमुळते होत पुन्हा एका बिंदूत मिळतात. हा मिलनबिंदू नेमका सेन्सरवर आला तर वस्तू रेखीव उमटते. तो पुढे अथवा मागे सरकला, तर सेन्सर त्या शंकूला अध्येमध्ये छेदतो आणि बिंदूच्या जागी एक चकती उमटते. चकती जितकी मोठी तितकी वस्तू धूसर, आणि चकतीचा आकार अखेर शंकूच्या तळावर, म्हणजे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतो. आता ३५ मिलीमीटर फिल्मवरील चित्राची रुंदी सुमारे २२ मिलीमीटर असते. त्यावर ५० मिलीमीटर नाभीय अंतराचे भिंग एफ-२.८ वर उघडले, तर छिद्राचा व्यास, म्हणजे नाभीय अंतर भागिले २.८, जवळजवळ १८ मिलीमीटर भरतो. व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर 'एक तृतीयांश इंची' म्हणवला जाई. पण ते माप जुन्या निर्वात काचनळ्यांच्या बाह्य व्यासावरून पडलेले असल्याने त्याची खरी रुंदी ४.८ मिलीमीटरच असे. तेवढ्याशा चौकटीत तेच दृश्य बसवायचे, तर भिंग ११ मिलीमीटरचे लागते, आणि एफ-२.८ वर त्याचे छिद्र जेमतेम ४ मिलीमीटर भरते. एवढ्याशा छिद्रातून निघणारा शंकू इतका बारीक असतो की, वस्तू पुढे-मागे असली तरी चकती डोळ्यांना जाणवण्याइतकी मोठी होतच नाही. रेखीवपणाची खोली साधारण साडेचार पट वाढते. कॅमेऱ्याची किंमत किती का असेना, या गणितात सूट मिळत नाही.

पळवाट एक होती. कॅमेरा दूर न्यावा, झूम पुरता ओढावा, छिद्र पूर्ण उघडावे आणि जादा उजेड अडवण्यासाठी पुढे करडी काच लावावी. मैदानात हे ठीक. पण मुंबईतील दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा दूर न्यायचा म्हणजे छायाचित्रकाराला जिन्यात उभे करण्याची पाळी.

तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले की, सेन्सर मोठा करता येत नसेल, तर मोठे चित्र आधी दुसऱ्याच कशावर तरी पाडावे आणि मग छोट्या कॅमेऱ्याने त्या चित्राचेच चित्रण करावे. हे 'दुसरेच काही' म्हणजे दुधी काच. जुन्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोके घालून जिच्यावर उलटे चित्र न्याहाळत असे, तीच ही काच. स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याचे जुने भिंग पुढे बसवायचे, फिल्मच्या जागी दुधी काच ठेवायची, तिच्यामागे जवळचे दिसण्यासाठी एक बहिर्वक्र भिंग आणि त्याच्या मागे आपला डीव्ही कॅमेरा. पुढच्या भिंगाने पाडलेले चित्र मोठे, म्हणून त्यातील पार्श्वभूमी धूसर. आणि काच सपाट असल्याने मागचा कॅमेरा रेखीव भाग व धूसर भाग दोन्ही इमानाने टिपतो. म्यूनिकच्या पी प्लस एस टेक्निक या कंपनीने या तत्त्वावर 'मिनी ३५' नावाचे सुबक उपकरण काढले. ते स्वतंत्र चित्रपटकाराच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी प्लंबिंगच्या नळ्या, सीडी प्लेअरच्या मोटारी आणि वापरलेली भिंगे जमवून स्वतःची यंत्रे बनवायला प्रारंभ केला.

आणि मग अडचणींची मालिका सुरू झाली. दुधी काचेला स्वतःचे कण असतात. दृश्य हलते पण कण जागच्या जागी राहतात, आणि पावसाळ्यात एस.टी.च्या मळक्या खिडकीतून शिवार पाहावे तसा चित्रपट दिसू लागतो. यावर कोणी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची मैद्यासारखी पूड पाण्यात कालवून काच तासन्‌तास घासली. कोणी दोन काचांच्या मध्ये मेणाचा पातळ थर ओतला. तरी कण पुरते जाईनात, तेव्हा काचच हलती ठेवण्याची युक्ती निघाली. काहींनी सीडीच्या आकाराची काचेची तबकडी मोटारीवर फिरवली. काहींनी मोबाइल फोनला थरथर आणणारी चिमुकली मोटार काचेच्या चौकटीला जोडली. एका चित्रास १/५० सेकंद प्रकाश मिळत असेल, तर तेवढ्या अवधीत प्रत्येक कण अनेक जागा बदलतो आणि त्या सर्वांची सरासरी होऊन पृष्ठभाग नितळ भासतो. पण शटरचा अवधी १/५०० सेकंद केला की सरासरीला वेळ उरत नाही आणि कण पुन्हा रुजू होतात. भिंगाचे छिद्र एफ-५.६ च्या पलीकडे बारीक केले तरी तोच प्रकार. कारण मग किरण जवळजवळ समांतर येतात आणि प्रत्येक कणाची छाया उठून दिसते. कडांना अंधार दाटे, मध्यभागी उजेडाचा ठिपका पडे, त्यासाठी आणखी एक भिंग घालावे लागे. निकॉनच्या भिंगाची मागची कडी आणि चित्राचे प्रतल यांमधील अंतर ४६.५ मिलीमीटर असावे लागते. काच त्याहून किंचित जरी मागे गेली, तरी दूरचा डोंगर कधीच रेखीव होत नसे. शिवाय वाटेतच बराचसा प्रकाश गडप होई, आणि मुख्य म्हणजे सारे चित्र उलटे. संकलनात ते सुलटे करता येई, पण चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा उजवीकडे वळवला की पडद्यावरचे जग भलतीकडेच सरके. म्हणून लोक मॉनिटरच पालथा टांगत. मला या साऱ्या प्रकाराविषयी मनस्वी आदर वाटतो. चित्रपट कसे निघाले हा प्रश्न निराळा. पण ज्याने स्वतःच्या हाताने काच घासली, त्याला छिद्र, नाभीय अंतर आणि शटर यांचे परस्परसंबंध पुन्हा कोणी शिकवावे लागले नाहीत.

सप्टेंबर २००८ मध्ये कॅननने ५डी मार्क टू हा स्थिरचित्रणाचा कॅमेरा जाहीर केला आणि दुधी काचेचा संसार दोन-तीन वर्षांत आटोपला. या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जुन्या व्हिडिओ सेन्सरच्या जवळजवळ पन्नासपट. आणि त्यावर चलच्चित्र टिपण्याची सोय जोडधंद्यासारखी दिलेली. आरंभी तर छिद्र आणि शटर कॅमेरा स्वतःच ठरवी, त्यात ढवळाढवळ करण्याची मुभा नसे. यावर तोडगा असा निघाला की, निकॉनचे जुने, छिद्राची कडी हाताने फिरवता येणारे भिंग जोडकडीने बसवावे; कॅमेऱ्याला त्याचा थांगपत्ता लागत नसल्याने निदान छिद्र तरी आपल्या ताब्यात राही. २००९ च्या मध्यास कॅननने हे नियंत्रण रीतसर बहाल केले.

आपल्या देशात आणखी एक भानगड होती. हा कॅमेरा प्रारंभी सेकंदाला ३० चित्रे टिपी, आणि आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जुन्या चोकची ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर १/६० सेकंदावर ठेवले, तर एका चित्राच्या वाट्याला पूर्ण स्पंदने येत नाहीत, कोणाला अधिक तर कोणाला उणी मिळतात, आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात. शटर १/५० वर ठेवले की प्रत्येक चित्राला नेमकी दोन स्पंदने मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. २०१० मध्ये सेकंदाला २४ व २५ चित्रांची सोय झाली, पण १/५० चा नियम सरकारी कचेरीत अथवा शाळेत चित्रीकरण करणाऱ्यांनी पाठच करून ठेवला.

दोष इतरही होते. दोन कोटींहून अधिक बिंदू सेकंदाला तीस वेळा वाचणे त्या कॅमेऱ्याला झेपत नसल्याने तो मधल्या ओळी गाळून वाची. परिणामी चौकड्यांचा सदरा किंवा कौलारू छप्पर समोर आले की त्यावर मूळ वस्तूत नसलेल्या इंद्रधनुषी लाटा उठत. चित्रांतील सूक्ष्म रेघांपेक्षा नमुने विरळ घेतले, तर खोट्या जाड रेघा निर्माण होतात, या संदेशशास्त्रातील सिद्धांताचाच हा पडद्यावरील दाखला. यावर बहुतेकांनी साधा उपाय केला: नटाचा सदरा बदलला. पुढच्या काळातील अनेक कॅमेरे तिसाव्या मिनिटाच्या एक सेकंद आधी चित्रण थांबवीत, ते तर विज्ञानामुळे नव्हेच. तीस मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा गणले जाऊन त्यावर जकात लागू होई. हे सर्व सोसूनही अशा छोट्या यंत्रांनी एक मोठे काम केले. अमोल गुप्ते यांनी 'स्टॅन्ली का डब्बा' हा २०११ चा चित्रपट कॅननच्याच ७डी या कॅमेऱ्यावर, शाळेतील मुलांच्या कार्यशाळेतून चित्रित केला. अवजड कॅमेरा आणि दिव्यांचा लवाजमा समोर असता, तर त्या मुलांचे चेहरे इतके मोकळे राहिले असते, असे मला वाटत नाही.

धूसर पार्श्वभूमी स्वस्त झाली, तशी तिची लागणही झाली. पुढे काही वर्षे असे लघुपट निघाले की, त्यांत नायकाची पापणी रेखीव आणि कान धूसर. कथा कोणत्या गावात घडते हे अखेरपर्यंत कळू नये, एवढी दक्षता. ज्यांना एके काळी मागचे कॅलेंडर नको होते, त्यांनी आता गावच पुसून टाकले.

म्हणून शॉन बेकर यांनी २०१५ च्या 'टँजेरिन'साठी केलेली निवड मला अर्थपूर्ण वाटते. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाताळच्या पूर्वसंध्येला घडणारा हा चित्रपट त्यांनी आयफोन ५एस वर चित्रित केला. या फोनचा सेन्सर पुन्हा तोच, एक तृतीयांश इंची. छिद्राचा व्यास दोन मिलीमीटरांहूनही कमी. बेकर यांनी धूसरतेचा हट्ट धरला नाही. फोनपुढे आडव्या दिशेने दृश्य १.३३ पट दाबून घेणारे भिंग लावले, नंतर ते उलगडून पडदा रुंद केला, आणि त्या रुंदीत दोन्ही नायिकांइतक्याच स्पष्टपणे दुकानांच्या पाट्या, बसथांबे, वायरींची जाळी आणि मावळतीचे आकाश येऊ दिले. ज्या शहरात त्या दोघी वणवण करतात, ते शहर मागे ढकलले असते, तर कथेचे निम्मे बळ गेले असते. टोलंडला जे दिव्यांच्या राशीने साधावे लागले, ते येथे खिशातल्या यंत्राने साधले.

फोन बनवणाऱ्यांना मात्र धूसरता अजूनही हवीच आहे, आणि भिंगाकडून ती मिळत नाही म्हणून आता ती गणिताने केली जाते. २०२१ च्या आयफोन १३ पासून चलच्चित्राच्या प्रत्येक चित्राबरोबर अंतरांचा एक नकाशा नोंदवला जातो आणि त्यानुसार मागचा भाग पुसट केला जातो. हा नकाशा चित्रफितीत साठवून ठेवलेला असल्याने कोण रेखीव असावे याचा निर्णय चित्रीकरण संपल्यावरही फिरवता येतो. म्हणजे फोकस-पुलरचे, अर्थात भिंगाची कडी फिरवून नटाला रेखीव ठेवणाऱ्या साहाय्यकाचे, जे काम नटाच्या पावलाबरोबर क्षणार्धात होत असे, ते संकलकाच्या मेजावर येऊन पडले. आणि संकलकाला तेथे प्रथम दिसतात ते नटीचे मोकळे केस, कारण केसाच्या कडेवरील एकाच बिंदूत थोडा केस आणि थोडी भिंत असते. समोर पाण्याचा पेला असेल, तर पंचाईत आणखी वाढते: त्यातून मागची भिंत दिसते, पण नकाशात त्या बिंदूसमोर अंतर एकच लिहिता येते, पेल्याचे तरी किंवा भिंतीचे तरी. भिंगाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.