कटकटी माणसं नेत्याच्या तंबूत

अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात जानेवारी १९१५ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात अडकलं आणि नोव्हेंबरात बुडालं. बर्फावर उरली २८ माणसं. शॅकल्टनच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याची तंबूंची वाटणी जास्त हुशारीची वाटते. मानापमानाला जपणारा छायाचित्रकार फ्रँक हर्ली त्याने स्वतःच्या तंबूत ठेवला, म्हणजे कुरबुर इतरांत पसरायला नको. जहाज सोडताना सामानावर कडक मर्यादा होती, सोनंनाणंही टाकून दिलं. सहकारी हसीचा बॅन्जो मात्र सगळ्यांचं मन रमावं म्हणून मुद्दाम सोबत घेतला.

एप्रिल १९१६ मध्ये सगळे एलिफंट बेटावर पोहोचले. तिथून जेमतेम २२ फुटी ‘जेम्स केअर्ड’ होडीतून शॅकल्टनसह सहा जण मदत आणायला दक्षिण जॉर्जियाकडे निघाले, सुमारे १,३०० किलोमीटर. त्यात सुतार मॅक्निश होता. आधी त्याने हुकूम मोडला होता. पण हात कसबी, आणि बेटावर मागे ठेवला तर असंतोष वाढण्याची भीती. बेटावरचे २२ जण फ्रँक वाइल्डच्या हवाली झाले. तो रोज सकाळी सामान बांधायला लावायचा: आज ‘बॉस’, म्हणजे शॅकल्टन, येईल! बॉस आला ३० ऑगस्टला.

‘एकही माणूस गमावला नाही’ ही ख्याती मात्र याच तुकडीपुरती खरी. खंडाच्या पलीकडे, रॉस समुद्राच्या बाजूने, शॅकल्टन खंड ओलांडून ज्या वाटेने येणार होता त्या वाटेवर शिधा पेरत गेलेल्या, त्याच्याच मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीतले तिघे दगावले.