लहान कौटुंबिक मोटारगाडीची निवड : विश्वासार्हता आणि आकर्षण यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

घर आणि लग्नकार्य वगळले तर भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटारगाडी होय. वेतन आयोगाची थकबाकी हाती पडलेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वाहनतळाचे रूप कसे पालटते, हे प्राध्यापकवर्गाच्या परिचयाचे आहे. पाच-सात वर्षांचे हप्ते ज्या वस्तूसाठी भरावयाचे, तिच्याविषयीचा निर्णय मात्र पुष्कळदा विक्रीदालनातील अर्ध्या तासात, रंग आणि बैठक पाहून घेतला जातो. या निर्णयात विश्वासार्हतेला किती आणि आकर्षणाला किती वजन द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात भारतीय लहान मोटारींच्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

विश्वासार्हता म्हणजे काय :

अभियांत्रिकीच्या परिभाषेत विश्वासार्हता म्हणजे एखादी वस्तू ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापर्यंत, बिघाडाविना काम करण्याची संभाव्यता. टिकाऊपणा ही निराळी गोष्ट आहे. वीस वर्षे चालणारी परंतु दर महिन्याला गॅरेजात जाणारी गाडी टिकाऊ असते, विश्वासार्ह नसते. बिघाडाचे प्रमाण काळानुसार आलेखावर मांडले, तर न्हाणीच्या टबासारखा आकार मिळतो : आरंभी कारखान्यातील त्रुटींमुळे बिघाड अधिक, मग दीर्घकाळ कमी आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वाढते. नवी गाडी घेणारा ग्राहक या आलेखाच्या पहिल्या चढावर उभा असतो. अगदी नव्याने बाजारात आलेले मॉडेल पहिल्याच वर्षी घेऊ नये, या व्यवहारातील सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे.

विश्वासार्हता आणि आकर्षण यांच्यात काही अंशी गणिती विरोधही आहे. एखाद्या यंत्रणेत शंभर आवश्यक भाग असून प्रत्येक भाग वर्षभर बिघाडाविना चालण्याची शक्यता ९९.९ टक्के असेल, तर संपूर्ण यंत्रणा वर्षभर बिघाडाविना चालण्याची शक्यता सुमारे ९०.५ टक्के उरते. भाग दोनशे झाले की ती सुमारे ८२ टक्क्यांवर येते. विजेवर उघडणाऱ्या काचा, स्पर्शपडदा, स्वयंचलित आरसे अशी प्रत्येक सोय आपापले भाग घेऊन येते. अर्थात, काच वर न जाणे आणि घाटात इंजिन बंद पडणे हे सारख्या तोलाचे बिघाड नव्हेत. शिवाय नवे तंत्र नेहमीच नाजूक असते असेही नाही. कार्ब्युरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपण प्रणाली आली, तेव्हा पहाटेच्या थंडीत चोक ओढून गाडी सुरू करण्याची कटकट संपली. सोय घेताना ती कोणत्या भागावर अवलंबून आहे आणि तो भाग निकामी झाल्यास गाडी थांबते काय, हा प्रश्न विचारणे पुरेसे असते.

भारतीय अनुभव :

अभियांत्रिकीच्या व्याख्येत न सामावणारी एक बाजू भारतीय रस्त्यावर फार महत्त्वाची ठरली. ती म्हणजे दुरुस्तीची सुलभता. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी इटलीच्या फियाट ११००वर आधारलेली होती. चढावर तिचे इंजिन तापे, गिअर रुसत. तरीही ती कुटुंबाची आणि टॅक्सीचालकाची भरवशाची गाडी मानली गेली. तालुक्याच्या कोणत्याही मेस्त्रीला तिचे इंजिन ठाऊक होते आणि सुटे भाग कोठेही मिळत. पर्यायही फारसे नव्हते, हेही विसरता येत नाही. अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली; तिचे उत्पादन त्याच्या कितीतरी आधी बंद पडले होते.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००ने भरवशाचा अर्थ बदलला. ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, हलका सांगाडा आणि जपानी उत्पादनशिस्त यांमुळे गाडी मुळात बिघडेच कमी. पुढे देशभर पसरलेल्या सेवाकेंद्रांच्या जाळ्याने या गुणाला आधार दिला. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या, आणि या संख्येनेच सुटे भाग स्वस्त व सर्वत्र उपलब्ध ठेवले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : ज्या गाडीकडे पुष्कळ लोक आकृष्ट होतात, तिचे भाग आणि जाणकार कारागीर पुष्कळ ठिकाणी मिळतात. आकर्षण हे अशा रीतीने विश्वासार्हतेचे भांडवल होते. त्याला केवळ हौस म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे.

१९९८ हे वर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्या सुमारास सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका या तीन लहान गाड्या भारतीय बाजारात अवतरल्या. मॅटिझचा आकार जॉर्जेत्तो ज्युजारो या ख्यातनाम इटालियन आरेखनकाराच्या संस्थेने घडविला होता आणि तिघींत देखणी कोणती, याविषयी फारसे दुमत नव्हते. सँट्रोचा उंच, ठेंगणा-ठुसका आकार प्रथम अनेकांना विचित्र वाटला. अनोळखी कोरियन कंपनीला लोकांची भीड चेपण्यासाठी शाहरुख खानची मदत घ्यावी लागली. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमध्ये तयार होणाऱ्या इंडिकेची ऐसपैस बैठक आणि डिझेल इंजिन यांनी एवढी भुरळ घातली, की आरंभीच लाखावर मागण्या नोंदल्या गेल्या.

पुढील चार-पाच वर्षांत चित्र पालटले. मॅटिझची मूळ कंपनी देवू आर्थिक संकटात सापडून कोसळली आणि भारतातील उत्पादनही थांबले. गाडीत मोठा दोष नव्हता. परंतु निर्माताच नाहीसा झाल्यावर तिच्या मालकांना भागांसाठी वणवण करावी लागली आणि पुनर्विक्रीचे मूल्य घसरले. सँट्रोचा विचित्र आकार चढण्या-उतरण्यास सोयीचा ठरला, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांना, आणि ती वर्षानुवर्षे खपत राहिली. इंडिकेच्या आरंभीच्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या. त्रुटी दूर करून २००१ मध्ये ‘व्ही-टू’ ही सुधारित आवृत्ती निघाली आणि पुढे ती भाड्याच्या गाड्यांच्या व्यवसायात रुजली. टॅक्सीवाला रोज दोन-अडीचशे किलोमीटर चालवून पोट भरतो, म्हणून त्याची निवड ही विश्वासार्हतेची उत्तम साक्ष असते. गंमत अशी की, नेमकी हीच साक्ष मिळाली की कौटुंबिक ग्राहक ‘टॅक्सीसारखी दिसते’ म्हणून त्या गाडीकडे पाठ फिरवितो.

आकर्षणाची उपेक्षा करणाऱ्यांसाठी नॅनोचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेली आणि २००९ मध्ये विक्रीस आलेली ही गाडी स्कूटरवर चौघांनी भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी कल्पिली होती. ६२४ घन सेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि एक लाखाची घोषित किंमत या बळावर ती मोटारीचे स्वप्न खाली आणील, अशी अपेक्षा होती. काही गाड्यांना आग लागल्याच्या घटनांनी तिच्या नावाला धक्का बसला, हे खरे. तथापि, त्याहून खोल घाव ‘सर्वांत स्वस्त गाडी’ या बिरुदाने केला. पहिली मोटार घेणारा मनुष्य शेजारपाजाऱ्यांना आपली प्रगती दाखवू इच्छितो. स्वस्तपणाची पाटी दारात उभी करावी, असे त्याला वाटत नाही. स्वस्त म्हणून झालेला प्रचार चुकला, हे पुढे रतन टाटा यांनीही जाहीरपणे मान्य केले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभारला होता. २०१८च्या सुमारास उत्पादन जवळजवळ शून्यावर आले.

माहितीचा असमतोल आणि जुन्या गाडीची किंमत :

विक्रीदालनात आकर्षण डोळ्यांना दिसते, विश्वासार्हता दिसत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असतील, तर ग्राहक सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून माघार घेतात. २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफ यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले, ते याच विषयातील कार्यासाठी. अज्ञान भरून काढण्यासाठी बाजार काही खुणा निर्माण करतो. दीर्घ हमी ही त्यांपैकी एक. कारण वारंवार बिघडणाऱ्या गाडीला दीर्घ हमी देणे निर्मात्याला परवडत नाही.

याहून भरवशाची खूण म्हणजे त्याच मॉडेलच्या पाच-सात वर्षे जुन्या गाडीची किंमत. तीत हजारो मालकांचा अनुभव, भागांची उपलब्धता आणि टिकून राहिलेले आकर्षण ही सर्व एकत्र गोठलेली असतात. उदाहरणादाखल, प्रत्येकी सहा लाखांच्या दोन गाड्या सात वर्षांनी अनुक्रमे तीन लाखांना आणि एक लाख ऐंशी हजारांना विकल्या गेल्या, असे मानू. एक लाख वीस हजारांचा फरक चौऱ्याऐंशी महिन्यांत वाटला, तर महिना सुमारे चौदाशे तीस रुपये होतात. दुसरी गाडी मनापासून आवडत असेल, तर आवडीचे हे मासिक भाडे आहे. ते देण्यात काहीच गैर नाही; मात्र ते किती आहे, हे सही करण्यापूर्वी माहीत असावे. सातव्या वर्षी त्या आवडीतील किती शिल्लक उरेल, हाही हिशेबाचाच भाग आहे. चमकदार रंगाची नवलाई लवकर ओसरते. बसण्याची ऐसपैस जागा, चांगली दृश्यमानता आणि हलके सुकाणू यांचे सुख रोज मिळत राहते.

सुरक्षिततेची गणना मात्र या दोन्हींत करता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅगविरहित आवृत्त्यांची चाचणी घेतली, तेव्हा त्या पाचांनाही प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत बाजारात अत्यंत भरवशाच्या मानल्या जाणाऱ्या गाड्या होत्या. कधीही न बिघडणारी गाडी अपघातात प्रवाशाला वाचवीलच, असे नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी चाचणी-व्यवस्था सुरू झाली असून आवडलेल्या मॉडेलची चाचणी झाली असल्यास तिचे मानांकन पाहणे सोपे झाले आहे.

विजेवरील लहान गाड्या :

या गाड्यांच्या बाबतीत वरील कसोट्या अपुऱ्या पडतात. फिरते भाग कमी असल्याने यांत्रिक बिघाडाची शक्यता घटते. परंतु गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एकट्या बॅटरीत असतो आणि तिची क्षमता वर्षांगणिक हळूहळू उतरते. जुन्या विद्युत गाड्यांचा बाजार अद्याप पुरेसा तयार झालेला नसल्यामुळे पुनर्विक्रीच्या किमतीची खूण येथे फारशी वाचता येत नाही. बॅटरीवर आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी काही निर्माते देतात. या हमीत क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळते, ही हमी दुसऱ्या मालकाकडे जाते काय आणि ठरलेल्या सेवाकेंद्राबाहेर दुरुस्ती केल्यास ती रद्द होते काय, ही तीन कलमे ग्राहकाने लेखी स्वरूपात मागून घ्यावीत. विक्रीदालनातील तोंडी आश्वासनाला सातव्या वर्षी साक्षीदार मिळत नाही.