ब्रेक लावताच थरथरणारी मोटार

घाट उतरताना ब्रेक लावताच मोटार थरथरली, की 'डिस्क वाकली' असे निदान तत्काळ होते. ते बहुधा अपुरे असते. स्टिअरिंग थरथरल्यास दोष बहुधा पुढच्या चाकांत, आसन हादरल्यास मागच्या. ब्रेकविनाही कंप असेल, तर प्रथम चाकांचा तोल पाहावा.

हबवर गंज राहिला किंवा चाकाचे नट कमीअधिक आवळले गेले, की डिस्क किंचित तिरकी फिरते. पॅड दर फेऱ्याला त्याच जागी घासते, व तेथे डिस्क झिजते. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही हातास जाणवतो! म्हणून डिस्क तासताना किंवा बदलताना हब साफ करवावा, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळवावेत. एरवी नवी डिस्कही काही हजार किलोमीटरांत थरथरू लागेल.