एकशे आठ घरं

2025 च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोटांतले बाराही जण उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने. पुरावा नसेल तर सोडायलाच हवं. पण मग आमची माणसं मारली कोणी, हे मृतांच्या घरच्यांनी आता कोणाला विचारायचं?

आमच्या महाड भागाला हा प्रश्न नवा नाही. मे 1970 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाच्या कामात भिवंडी, जळगाव यांच्या जोडीला महाडही होतं. भिवंडीच्या तपासातला पोलिसांचा पक्षपात आयोगाने स्पष्ट लिहिला. अहवाल कपाटात गेला, आणि पुढची वीसेक वर्षं तशीच सरली.

1993 चा जानेवारी मात्र दासगावाने जवळून पाहिला. दंगलीत पेटलेल्या मुंबईहून येणाऱ्या एसट्या नाक्यावर थांबत आणि गाठोडी, गॅसची शेगडी, झोपेतली पोरं घेऊन माणसं उतरत. हिंदूही, मुसलमानही. शेगडी कशाला आणलीस, असं कोणी कोणाला विचारलं नाही. खोली पुन्हा दिसेल याची खात्री कोणालाच नव्हती. त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यात दिघीला चोरटा माल उतरला, आणि गोंडघर फाट्यावर पोलिसांनी पैसे घेऊन गाड्या सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स आलं. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्या खटल्यात 100 जण दोषी ठरले, त्यांत लाच खाणारे पोलीस आणि कस्टमवालेही होते. ते योग्यच झालं.

पण त्याआधी डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईच्या दंगलीत 900 माणसं मेली, त्यांचं काय? न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या चौकशी आयोगाने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. शिवसेना-भाजप युती सरकारने जानेवारी 1996 मध्ये आयोगच गुंडाळला, आणि वाजपेयींनी सांगितल्यावर मेमध्ये पुन्हा उभा केला. ऑगस्ट 1998 मध्ये अहवाल विधिमंडळात ठेवला, तो हिंदूविरोधी ठरवूनच. त्यात 31 पोलिसांवर ठपका होता. माझा जास्त राग आहे तो 1999 ला अंमलबजावणीचं वचन देऊन सत्तेत आलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीवर. तिने विशेष कृती दल नेमलं, सुलेमान उस्मान बेकरीतल्या आठ जणांच्या मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हाही दाखल झाला. 2003 मध्ये त्या पोलिसांतले नऊ जण खटला उभा राहण्याआधीच सुटले, आणि वरच्या न्यायालयात लढायला एका साक्षीदारालाच उभं राहावं लागलं. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत सहा जण जळून मेले, त्या खटल्यात शिक्षा झालेले अकराही जण 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगापुढे मारेकरी सर्वांसमक्ष सांगत होते, कोणाला, कुठे, कसं मारलं. माफी हवी तर खरं सगळं सांगा, अशी अट होती. आपल्याकडे मारणाऱ्याने तोंड उघडावं, अशी सोय कोणी केलीच नाही.

सर्वांत हाल झाले ते बेपत्तांच्या घरच्यांचे. 168 माणसं बेपत्ता होती. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून भरपाई नाही. माणूस मेला असं धरायला कायदा सात वर्षं थांबायला लावतो. 4 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यांतल्या 108 कुटुंबांपर्यंत पैसे पोचलेच नाहीत. त्यांना शोधा, दोन लाख रुपये जानेवारी 1999 पासूनच्या नऊ टक्के व्याजासह द्या, आणि धूळ खात पडलेल्या 97 खटल्यांतले आरोपी हुडका. तीस वर्षांनी सरकार सांगत होतं, पत्ते सापडत नाहीत.

न्याय लवकर होऊच शकत नाही, असं नाही. 20 मार्च 1927 ला महाडात चवदार तळ्याच्या सत्याग्रहींवर हल्ला झाला. परक्या सरकारच्या मॅजिस्ट्रेटने 6 जूनला पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. अडीच महिन्यांत.

महाड-पोलादपुरातलं कोणाचं माणूस डिसेंबर 1992 किंवा जानेवारी 1993 मध्ये मुंबईत हरवलं असेल आणि सरकारकडून काहीच मिळालं नसेल, तर नाव, मुंबईचा जुना पत्ता आणि असतील ते कागद घेऊन महाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.